ऐकले कोणी, मिळाले कोणाला

नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला आणि तेथून पुढे जवळजवळ शंभर वर्षे भारतातील मुद्रित संगीताचे अर्थकारण एकाच रिवाजावर चालले: गाणे एखाद्या वस्तूत भरायचे आणि ती वस्तू विकायची. लाखेची तबकडी गेली आणि प्लास्टिकची आली, तिच्यामागून ध्वनिफीत आणि मग कॉम्पॅक्ट डिस्क आली, म्हणजे वस्तू बदलत राहिली; परंतु ग्राहकाने एकदा पैसे मोजले की दुकानदार, वितरक आणि कंपनी यांनी ते आपसात वाटून घ्यायचे, आणि घरी नेलेले गाणे तो एकदा ऐकतो की हजारदा याच्याशी कोणालाही कर्तव्य नसायचे, हा व्यवहार बदलला नाही. संगणकीय तंत्रज्ञानाने नेमका हाच व्यवहार उलटा केला. आजचा श्रोता गाणे विकत घेत नसून ते ऐकण्याची परवानगी घेतो, त्याच्या प्रत्येक ऐकण्याची कोठेतरी नोंद होते आणि त्या नोंदींच्या बेरजेवरून उत्पन्नाची वाटणी ठरते. त्यामुळे मोजणी कोण करतो आणि मोजलेले गाणे कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न या धंद्यात गायनवादनाइतकेच महत्त्वाचे होऊन बसले आहेत. गेल्या पंचवीस वर्षांतील बहुतेक तंटे या दोहोंपैकी एकातून उपजलेले दिसतात.

डिजिटल ध्वनिमुद्रण म्हणजे आवाजाची आकड्यांत केलेली नोंद. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी 1982 मध्ये बाजारात आणलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजून लिहिलेली असते. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो आणि एखादे कंपन आकड्यांत पकडायचे तर त्याच्या किमान दुपटीने मापे घ्यावी लागतात, हे गणित त्या संख्येमागे आहे. ध्वनिफितीची नक्कल आणि त्या नकलेची नक्कल करत गेल्यास दर खेपेला खरखर वाढते. आकड्यांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम उतरते. याचा अर्थ असा की, ज्या मूळ मुद्रणाला कंपन्या आपल्या तळघरात कुलूपबंद ठेवत, त्याच्या तोडीची प्रत त्यांनी स्वतःच, कोणतेही कुलूप न लावता, कोट्यवधी घरांत पोचवली. त्या काळी तिच्यातील सुमारे साडेसहाशे मेगाबाइट माहिती मावेल असा संगणक सामान्य घरात नव्हता, म्हणून धोका दिसला नाही. उलट लोकांनी आपल्या जुन्या तबकड्यांचा संग्रह नव्या चकत्यांच्या रूपाने पुन्हा विकत घेतला आणि 1990 च्या दशकात पाश्चात्त्य कंपन्यांची चांगलीच भरभराट झाली.

ती भरभराट एका जर्मन संशोधनसंस्थेच्या कामामुळे ओसरली. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी आवाजाची नोंद आटोपशीर करण्याच्या मागे होते. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या पट्टीतील बारीक आवाज कानाला जाणवत नाही, हे ध्यानात घेऊन जे ऐकूच येणार नाही ते नोंदीतून गाळायचे, असा हा उपाय होता आणि त्यायोगे नोंद मूळच्या सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणता येई. 1995 मध्ये या नोंदीच्या फाइलींना एमपी3 हे नाव मिळाले. जून 1999 मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकी तरुणाने नॅपस्टर ही सेवा सुरू करून लोकांच्या संगणकांतील अशा फाइली एकमेकांना उघड्या करून दिल्या. डिसेंबरमध्ये तिच्यावर खटला भरला गेला आणि जुलै 2001 मध्ये ती बंद पडली. न्यायालयात कंपन्या जिंकल्या, पण हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळण्याची सवय कोणत्याही निकालाने मोडणारी नव्हती, आणि हे ओळखण्यात त्यांनी मोलाची वर्षे घालवली. 1999 मध्ये शिखर गाठलेले मुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न 2014 पर्यंत उतरत गेले. ॲपलने 2003 मध्ये आयट्यून्स दुकानात एकेक गाणे 99 सेंटला विकायला काढले. त्यामुळे एका आवडत्या गाण्यासाठी दहा नावडती गाणी घ्यायला लावणारा अल्बमचा व्यवहार मोडला, मात्र उतरण थांबली नाही.

भारताचा प्रवास याच वाटेने झाला असे समजणे चुकीचे ठरेल, कारण येथे कॉम्पॅक्ट डिस्क सामान्य घरात फारशी पोचलीच नाही. येथील उलथापालथ आधीच, 1980 च्या दशकात, ध्वनिफितीने घडवली होती. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने एचएमव्हीच्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्या कायद्यातील एका सवलतीच्या आधारे काढून आणि फितीची किंमत निम्म्याहून खाली आणून किराणा दुकानापर्यंत विक्री नेली. मराठीत प्रल्हाद शिंदे यांच्या आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांच्या गाण्यांचा प्रसार, तसेच पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या छोट्या प्रकाशकांनी शास्त्रीय गायनाचा जमवलेला श्रोतृवर्ग, ही याच स्वस्त फितीची देणगी होय. बेकायदा नकलाही तेव्हापासूनच होत्या. पुढे रेल्वे स्थानकांबाहेर शंभर-दीडशे गाण्यांची एमपी3 चकती विकली जाऊ लागली तेव्हा इथल्या कंपन्यांना त्यात तत्त्वतः नवे असे काही दिसले नाही.

नवे जे आले ते दूरध्वनीवरून. साधारण 2004 पासून मोबाइल कंपन्यांनी कॉलर ट्यून ही सोय दिली, म्हणजे फोन करणाऱ्याला ट्रिंग ट्रिंगऐवजी आपण निवडलेल्या गाण्याचा तुकडा ऐकू जाई आणि त्यासाठी ग्राहकाच्या खात्यातून महिन्याला तीस रुपयांच्या आसपास रक्कम वळती होई. स्वतःला कधीच ऐकू न येणाऱ्या गाण्यासाठी लोक दरमहा भाडे भरत होते, आणि तेही जगात इतरत्र संगीताचा धंदा कोसळत असताना, हा या इतिहासातील सर्वांत गमतीदार अध्याय म्हणावा लागेल. भारतीय संगीत कंपन्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग काही वर्षे यातूनच आला. मात्र अनेकांच्या खात्यांतून न मागताच पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जुलै 2011 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा सेवांसाठी ग्राहकाची स्पष्ट संमती बंधनकारक केली आणि तो ओघ झपाट्याने आटला. या अल्पायुषी धंद्याने पुढच्या काळाची रचना मात्र दाखवून दिली होती: गाणे विकण्यापेक्षा भाड्याने देणे, आणि ज्याच्याकडे ग्राहकाचे खाते व मोजणीचे यंत्र आहे त्याने मोठा वाटा राखणे. कॉलर ट्यूनच्या उत्पन्नातील सिंहाचा वाटा मोबाइल कंपन्यांकडेच राहत असे.

पुढचा टप्पा स्ट्रीमिंगचा. गाण्याची फाइल श्रोत्याच्या यंत्रात कायमची न उतरवता सेवेच्या संगणकावरून ती वाजेल तसतशी पाठवत राहणे, म्हणजे स्ट्रीमिंग. स्टॉकहोममध्ये स्थापन झालेल्या स्पॉटिफायने 2008 मध्ये ही सेवा युरोपात सुरू केली. भारतात 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आल्यावर इंटरनेटचे दर कोसळले आणि मगच हा प्रकार खेडोपाडी पोचला; त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाऊस हे नामांकित दुकान बंद झाले होते. 2019 मध्ये टी-सिरीजची वाहिनी यूट्यूबवर जगात सर्वाधिक सदस्यसंख्येची ठरली. 2024 मध्ये मुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न 29.6 अब्ज डॉलर झाले आणि त्यात स्ट्रीमिंगचा वाटा 69 टक्के होता. धंदा सावरला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वाटणीचा.

ही वाटणी समजून घेणे अवघड नाही, परंतु सामान्य समजुतीपेक्षा ती वेगळी आहे. प्रत्येक वेळी गाणे वाजल्याबद्दल ठरलेला दर असतो असे अनेकांना वाटते. वास्तविक बहुतेक सेवा जाहिराती आणि वर्गणी यांतून महिन्याभरात जमलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा, स्पॉटिफायच्या बाबतीत साधारण दोन तृतीयांश, बाजूला काढतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा तितकी रक्कम त्याला देतात. समजा वाटपासाठी 100 रुपये निघाले आणि सर्व गाणी मिळून 10,000 वेळा वाजली, तर एका वेळेचे मोल एक पैसा. या हिशेबात एखाद्या वर्गणीदाराने महिनाभर फक्त धृपद ऐकले तरी त्याच्या वर्गणीचा बहुतांश भाग इतरांनी दिवसरात्र वाजवलेल्या चित्रपटगीतांकडे जातो, कारण पैसे त्याच्या आवडीच्या मागे न जाता एका सामाईक राशीत पडतात. ज्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांनाच द्यावी, ही पर्यायी रीत साउंडक्लाउडने 2021 मध्ये काही कलावंतांपुरती अमलात आणली. मोठ्या सेवांनी ती स्वीकारलेली नाही.

दुसरा बारकावा शास्त्रीय संगीताच्या मुळावर येणारा आहे. स्पॉटिफायच्या नियमाप्रमाणे गाणे 30 सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरले जाते आणि त्यापुढे ते अडीच मिनिटे चालते की चाळीस, याला हिशेबात किंमत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा अर्ध्या तासाचा ख्याल मन लावून संपूर्ण ऐकला तरी त्याची नोंद एकच, आणि तेवढ्या वेळात वाजलेल्या दहा चित्रपटगीतांच्या नोंदी दहा. आरंभीच्या वाद्यसंगीताला कात्री लागून मुखडा लवकर येणे, गाण्यांची लांबी घटणे, हे बदल केवळ रुचीतून झाले असे मानायला म्हणूनच जागा उरत नाही. शिवाय 2024 च्या प्रारंभापासून स्पॉटिफायने आधीच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणापोटी काहीही न देण्याचा नियम केला. कंपनीच्या दृष्टीने ही चिल्लर वाचवून खऱ्या कलावंतांकडे वळवण्याची व्यवस्था असली, तरी छोट्या भाषांतील आणि छोट्या घराण्यांतील संगीत याच चिल्लरीत मोडते.

भारतात राशीच लहान आहे, ही आणखी एक अडचण. 2019 मध्ये स्पॉटिफाय येथे आली तेव्हा तिची मासिक वर्गणी 119 रुपये होती. अमेरिकेत तीच 9.99 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 700 रुपयांच्या घरात होती. त्यातही बहुसंख्य भारतीय श्रोते वर्गणी न भरता जाहिराती सोसून ऐकतात. त्यामुळे भारतीय गाण्याला कोट्यवधी वेळा ऐकले गेल्याचे आकडे सहज मिळतात, पण त्या आकड्यांच्या मानाने येणारे पैसे तोकडे असतात, आणि वर्तमानपत्रांतून मिरवणारे हे आकडे पाहून कलावंत श्रीमंत झाला असेल असे समजणाऱ्या वाचकाची फसगत होते.

आता दुसरा प्रश्न: नोंद कोणाच्या नावावर आहे? कायद्याच्या दृष्टीने एका मुद्रित गाण्यात निदान दोन प्रकारची मालमत्ता असते. शब्द आणि चाल ही रचना, तिचा प्रताधिकार, म्हणजे रोजच्या भाषेतला कॉपीराइट, वेगळा. आणि त्या रचनेचे विशिष्ट मुद्रण, त्याचा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात असा निर्णय दिला की, मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत व संगीत करवून घेणारा निर्माता, अन्य करार नसल्यास, त्याचा पहिला मालक ठरतो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात गायक व वादक कलावंतांच्या वाट्याला आलेल्या स्थितीबद्दल खंत नोंदवून संसदेचे लक्ष वेधले होते. परंतु गाणी वस्तू म्हणून विकली जात होती तोवर एकरकमी मोबदला घेऊन सर्व हक्क लिहून देण्याची झळ फार जणांना लागली नाही. उत्पन्न दर ऐकण्यामागे वाहू लागले तेव्हा ती लागली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला आणि 21 जून 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या रॉयल्टीत मालकाच्या बरोबरीचा वाटा दिला; विशेष म्हणजे हा हक्क करारानेही सोडून देता येत नाही. तरीही व्यवस्था मार्गी लागायला वेळ गेला. रॉयल्टी गोळा करणाऱ्या त्या सोसायटीची नव्या कायद्याखाली नोंदणी नोव्हेंबर 2017 मध्ये झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये टिप्स ही संगीत कंपनी आणि एअरटेलची विंक ही स्ट्रीमिंग सेवा यांच्या वादात दिलेला निर्णयही याच संदर्भात पाहावा लागतो. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांना ठरवून दिलेला दर भरून मालकाच्या संमतीविना गाणी लावण्याची कायदेशीर सवलत आहे. ती इंटरनेटवरील सेवांनाही मिळते, असे विंकचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठाने तोच निकाल कायम ठेवला. परिणामी सेवांना कंपन्यांच्या दारात जाऊन सौदा करणे भाग पडले. विंक 2024 मध्ये बंद झाली, आणि गाना या सेवेने त्याआधी 2022 मध्येच फुकट ऐकवणे थांबवले. दुकाने बंद पडत गेली तरी मालाचे धनी तेच राहिले.

जुन्या मालाची किंमत यातून वाढली, हे ओघानेच आले. वस्तूच्या युगात जुने गाणे पुन्हा छापून दुकानात ठेवण्याचा खर्च असे आणि ते न खपल्यास तोटा. आता ते संगणकावर पडून असते आणि कोणीही कोठूनही ऐकले की काहीतरी देऊन जाते. एचएमव्हीचा वारसा लाभलेल्या सारेगमाकडे हिंदी चित्रपटगीतांबरोबर मराठी भावगीते आणि नाट्यपदे यांचाही मोठा ठेवा आहे. याच कंपनीने 2017 मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेले, जुन्या रेडिओच्या घाटाचे कारवाँ हे यंत्र काढले आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही आणली. इंटरनेटवर जवळजवळ फुकट मिळणारी गाणी लोक हजारो रुपये मोजून विकत घेत होते, कारण घरातील वडीलधाऱ्यांना फोनवर शोधाशोध करण्यापेक्षा एक बटण फिरवणे सोयीचे वाटे. वस्तूचे युग संपले असे म्हणणाऱ्यांना हा टोलाच होता. मुद्रणावरील हक्क भारतात प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो, रचनेवरील मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. त्यामुळे गीतरामायणाच्या शब्दांवरील हक्क ग. दि. माडगूळकर यांच्या 1977 मधील निधनाच्या हिशेबाने 2037 अखेरपर्यंत, तर चालींवरील हक्क सुधीर फडके यांच्या 2002 मधील निधनाच्या हिशेबाने 2062 अखेरपर्यंत चालू राहील. एकाच गाण्याचे तीन भाग तीन वेगळ्या दिवशी मुक्त होतात, आणि हे सारे कोणत्या तरी नोंदवहीत अचूक असावे लागते.

ही नोंदवही कच्ची असल्यास पैसे अडकतात. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षरांकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला जातो. त्याच्याशी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे आणि वाटे जोडलेले असले, तरच रक्कम योग्य जागी पोचते. नावाचे स्पेलिंग बदलले, संगीतकाराच्या जागी केवळ चित्रपटाचे नाव टाकले किंवा गीतकाराचा रकाना रिकामा राहिला, की हिशेब तुटतो. अमेरिकेत 2021 मध्ये नव्याने स्थापलेल्या संस्थेकडे स्ट्रीमिंग सेवांनी, धनी न सापडलेली म्हणून साठून राहिलेली जी रक्कम सोपवली, ती तब्बल 42.4 कोटी डॉलर होती.

एवढे असूनही नव्या व्यवस्थेने ज्यांना पूर्वी दारही उघडले नव्हते त्यांना आत घेतले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. खानदेशातील अहिराणी गाणी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी ज्या बोलीच्या बाजारपेठेकडे क्वचितच लक्ष दिले, तिच्यातील गाणी स्थानिक निर्मात्यांनी स्वतः चित्रित करून यूट्यूबवर घातली आणि ती जळगाव-धुळ्याबाहेर, मराठीही न समजणाऱ्या श्रोत्यांपर्यंत, कोट्यवधी वेळा पाहिली गेली. आगरी-कोळी गाण्यांचेही असेच झाले.

निर्मितीच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिक कठोर आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा डोलारा अनेक दशके मोठ्या वाद्यवृंदावर उभा होता आणि त्यात पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोव्याच्या वादकांचे व संगीतसंयोजकांचे स्थान मध्यवर्ती होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्यासाठी संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट ही त्यांतील काही नावे. गायक आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी एका खोलीत बसून गाणे मुद्रित करत. संगणकावर प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर जोडता येऊ लागले, व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज कळफलकातून काढता येऊ लागला, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या ताफ्यांचे काम जवळजवळ संपले. 2016 च्या सैराटसाठी अजय-अतुल यांनी सिम्फनी वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये जाऊन मुद्रित केला, ही मराठी चित्रपटाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट खरीच, पण मुंबईत एकेकाळी रोज भरणारा वाद्यवृंद उरला नव्हता, हेही तीतून दिसते.

आता आवाजच यंत्राने तयार करता येतो. 2024 मध्ये अरिजित सिंग यांनी आणि 2025 मध्ये आशा भोसले यांनी आपल्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली नक्कल थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि दोघांनाही अंतरिम संरक्षण मिळाले. ए. आर. रहमान यांनी लाल सलाम या चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने वापरले, परंतु त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. मोठ्या गायकाला नाव आहे, म्हणून त्याला न्यायालयात उभे राहता येते. वादकांचे तसे नाही. कलावंताचा सादरीकरणावरील हक्क भारतीय कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आला आणि त्यातून रॉयल्टी मिळण्याची तरतूद 2012 मध्ये झाली; त्याआधीच्या वादकांना बैठकीमागे ठरलेला मेहनताना मिळे आणि तेथे हिशेब संपे. तबकडीवर त्यांची नावे छापली जात नसत, त्यामुळे ग्रेगरी बूथ या अभ्यासकाला 2008 च्या आपल्या पुस्तकासाठी त्या काळातील वादकांच्या मुलाखती घेऊन हा इतिहास जुळवावा लागला. ही मुद्रणे यंत्रांना शिकवण्यासाठी परवान्याने दिली जातात तेव्हा करारावर सही करतो तो मुद्रणाचा मालक, आणि व्हायोलिन कोणी वाजवले यासाठी त्या करारात रकाना नसतो.